परत केलेलं विरजण

लोकांना वाटतं, गाडीत राहणाऱ्या नवराबायकोची भांडणं जागेवरून होत असतील. जागेचं काही नसतं. सहा वर्षांत आम्ही जागेवरून एकदाही भांडलो नाही, भांडलो ते पाण्यावरून. तू ताट घासताना नळ चालू ठेवलास, तू केसांना दोनदा शांपू लावलास, तू त्या भटक्या कुत्र्याला पातेलंभर पाणी पाजलंस. बंगल्यात राहणाऱ्याला हे ऐकून हसू येईल. त्यानं एकशेवीस लिटरच्या टाकीवर संसार करून बघावा आणि मग खुशाल हसावं.

फिरत्या घराची कल्पना माझी नव्हती. माझा नवरा हर्षद पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात हे भूत शिरलं. मिरजेत माझी बालवाडी होती, गच्चीत कुंड्या होत्या, संध्याकाळी गप्पा मारायला माणसं होती. मी नको नको म्हणत होते. त्यानं नकाशे पसरले, व्हिडिओ दाखवले आणि शेवटी म्हणाला, "केतकी, आयुष्यात माझं एवढं एकच ऐक." ऐकलं. बालवाडी बंद केली, फ्लॅट पुतण्याला राहायला दिला, बस चालवायचा परवाना काढला. पहिल्या दिवसापासून आमची वाटणी ठरली होती. गाडी मी बघायची आणि पाणी त्यानं.

हे असलं राहणं आमच्यासारख्यांना जमायला लागलं ते जिवंत गाळणीमुळे. त्याआधी अशा गाड्यांना दर तीन-चार दिवसांनी पाण्यासाठी एखाद्या गावात शिरावं लागे, आणि भर उन्हाळ्यात परक्याला पाणी कोण देतं? गाळणीत भाजलेल्या मातीचा एक ठोकळा असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आरपार भोकं असलेला. त्या भोकांच्या भिंतींवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी त्यातून सावकाश झिरपतं. साबण, तेल, घाम, खरकटं हे सगळं जिवाणूंचं जेवण. खाली अतिशय बारीक चाळणीचा पडदा असतो आणि सगळ्यात शेवटी अतिनील दिवा, जो उरलेसुरले जंतू मारतो. शंभर लिटर पाणी वापरलं तर नव्वद परत मिळतं. शौचालय वेगळं, कोरडं, लाकडाच्या भुशाचं. त्याचा या पाण्याशी काही संबंध नाही. हे आधी सांगून टाकावं लागतं, नाहीतर आमच्याकडचा चहा कुणी घेत नाही.

कंपनीच्या पुडीतून आलेल्या जिवाणूंना जम बसवायला दोन महिने लागतात. पण कुणाच्या तरी मुरलेल्या गाळणीतला चमचाभर थर घातला, तर आठवड्याच्या आत पाणी निवळतं. म्हणून आम्ही चाकावरचे लोक त्याला विरजण म्हणतो. मागितलं की द्यायचं, नाही म्हणायचं नाही. सकाळी द्यायचं, स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात बांधून. पैसे घ्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत. डबा परत करताना मात्र रिकामा द्यायचा नाही, गुळाचा खडा तरी घालायचा. आणि घेतलेलं विरजण कधीही परत करायचं नाही. तसं करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर सांगणं, की तुझ्या घरचं पाणी घाण आहे. चुलीवरची वैरं मिटतात, पण हे मिटत नाही असं आमच्यातले जुने लोक म्हणतात.

मी ते केलं. आणि केलं ते शर्मिलाताईंशी.

शर्मिलाताई चौगुले मूळच्या कोल्हापूरकडच्या. सगळी नोकरी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. नवरा गेल्यावर एका छोट्या व्हॅनमध्ये एकट्याच राहतात, जोडीला बोटाएवढं एक यंत्र, थेंब टाकला की जिवाणूंची गुणसूत्रं वाचून दाखवणारं. राजापूरच्या वरच्या सड्यावर आम्ही चार वर्षं शेजारी उभे राहत होतो, आमच्या गाळणीतलं विरजणही त्यांचंच होतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं मोकळं पठार. लांबवर समुद्र दिसतो, वारा भरपूर आणि उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नाही. मला एवढी मोठी गाडी मागे घ्यायला त्यांनी शिकवलं. "आरशात बघत बसू नको, माझ्याकडं बघ. मी हाय न्हवं?" आणि मी बघत असे.

यंदा होळीच्या सुमारास आमची गाळणी पहिल्यांदा बिघडली. पाण्याला सडक्या अंड्याचा वास यायला लागला, बेसिनमध्ये करडा फेस साचायला लागला. जिवाणू मेले की असंच होतं. साबण आणि तेल खायला कुणी उरत नाही, आणि हवेशिवाय जगणारे दुसरेच जंतू तिथं मुक्काम ठोकतात. यंत्रावर पिवळा दिवा लागला होता. मी हर्षदला विचारलं, तर तो म्हणाला, "पिवळा म्हणजे नवीन विरजण पाहिजे, बास. घाबरण्यासारखं काही नाही." शर्मिलाताईंनी लगेच डबा दिला. पाणी निवळलं. तीन आठवड्यांत पुन्हा वास. पुन्हा डबा. मग तिसऱ्यांदा.

त्यातच मी आजारी पडले. उलट्या आणि जुलाब, उभं राहवेना. खालच्या गावातल्या दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. हर्षदनं माझं सगळं केलं. उशाशी बसून चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं, कपडे धुतले, डोक्यावरून हात फिरवला. मी फोनवर बहिणीला म्हटलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं गं.

मी जरा हिंडूफिरू लागल्यावर तो एकदा चहा पिताना म्हणाला, "एक बोलू? तू रागावशील."

"बोल."

"विरजणातच खोट आहे. तीनदा दिलं त्यांनी, तीनदा सडलं. आपलं यंत्र मी तपासलंय, त्यात काही नाही. त्यांची व्हॅन जुनी आहे, त्यांच्याकडे काय वाढतंय कुणास ठाऊक."

"त्यांच्या गाडीतलं पाणी तर चांगलं आहे."

"त्यांना सवय झाली असेल. तू मात्र सलाइनवर गेलीस." मग हलक्या आवाजात, "मला तुझी काळजी वाटते गं."

या शेवटच्या वाक्यानं मी विरघळले. बाकीचं सगळं मी खोडून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठोकळा खरवडून तो काळपट, वास मारणारा थर त्यांच्याच डब्यात भरला आणि त्यांच्या दारात गेले. त्या बाहेर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पलीकडच्या गाड्यांमधली दोन-तीन माणसं आपापल्या कामात होती.

"ये की, बस. डबा कशाला आणलास एवढ्या घाईनं?"

"रिकामा नाहीये, ताई. तुमचं विरजण परत आणलंय."

त्यांचा हात सुपात तसाच राहिला. "काय म्हणालीस?"

"आमच्या गाडीला ते सोसत नाही. मी आजारी पडले त्यानं."

"माझ्या गाडीला सोसतंय की गं. चार वरसं तुझ्याबी गाडीला सोसलं."

"आता नाही सोसत."

पलीकडची माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. शर्मिलाताईंनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून सड्यावर त्यांच्याकडे कुणी विरजण मागेना. एका नव्या जोडप्यानं तर त्यांच्यासमोरून जाऊन पलीकडच्या गाडीतून घेतलं. मला ते दिसत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, इलाज नव्हता.

पंधरवडा गेला असेल. हर्षद भाजी आणायला गावात उतरला होता. शर्मिलाताई आमच्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत, पायरीवरच उभ्या राहिल्या.

"भांडाय आलेली नाही मी. तू दिलेलं वाढवून बघितलं, ते दाखवाय आलीय." त्यांनी हातातला फोन माझ्यापुढे धरला. रंगीत पट्ट्यांची रांगच्या रांग होती, मला त्यातलं काही समजलं नाही. "हे माझंच हाय. माझ्या गाळणीतलंच बियाणं, शंका नाही. पण ही पट्टी माझ्या गाडीत नाही. तुझ्या गाडीत तयार झालीय."

"म्हणजे?"

"जिवाणूच्या अंगात बारकं पंप असत्यात. नको ते औषध आत शिरलं, की बाहेर फेकायचं. औषध एकदम भरपूर पडलं तर सगळं मरत्यात, पंपाचा उपयोग नाही. पण थोडं थोडं पडलं, की ज्यांच्याकडं पंप जास्त तेवढंच वाचत्यात, आणि वाढत्यात तेच. मग त्यांना मारायला आणखी औषध लागतंय. ते सोसणारं आणखी वाढत्यात. हे पंप कशासाठी हायत, तेबी कळतंय. क्लोरहेक्सिडीन. चूळ भरायचं गुलाबी औषध असतंय न्हवं?"

मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगते. "अहो ताई, हर्षदच्या हिरड्या दुखतात. तो वापरतो ते. विसरून बेसिनमध्ये थुंकला असेल कधी."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यात राग नव्हता, आणि म्हणून मला भीती वाटली.

"केतकी, थुंकून एवढं होत नाही. मी करून बघितलं. चूळ थुंकली तर ह्यांना काही कळतसुद्धा नाही. हे कुणीतरी ओतलंय. आधी कमी, मग वाढवत वाढवत. माझं प्रत्येक विरजण मेलं आणि थोडंसं तुझ्या ठोकळ्यात जिवंत राहिलं, ते जास्त हट्टी होत गेलं." मग म्हणाल्या, "आणि हे असंच ठेवाय येत नाही. जिवाणू असली हुशारी एकमेकांना देत्यात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर ह्याच औषधानं हात धुत्यात. हे तिकडं पोचलं तर माणसं मरतील. नशीब, तू ते माझ्याशिवाय कुणाला दिलं नाहीस, आणि माझ्याकडचं मी उकळून टाकलंय. ठोकळा उकळून टाक, समदा."

त्या गेल्या. मी न्हाणीच्या कपाटातली बाटली काढून बघितली. जवळजवळ रिकामी होती. मागच्या बाजूला आणखी तीन बाटल्या होत्या, नव्या. हिरड्यांसाठी एवढं औषध कुणी साठवत नाही. मी चारही बाटल्या टेबलावर मांडल्या आणि बसून राहिले.

हर्षद आला. पिशवीत काकड्या, फणसाचे गरे, चार शहाळी. बाटल्या बघितल्या आणि पिशवी खाली ठेवायची विसरला.

"बेसिनमध्ये किती ओततोस?" मी विचारलं.

"चूळ भरतो मी. हिरड्यांना..."

"चूळ तू बाहेर भरतोस. ओततोस किती?"

त्यानं सुरू केलं. पाण्याचा सामू, तापमान, उन्हाळ्यातला प्राणवायू. तो खात्याच्या भाषेत शिरला की खोटं बोलतोय असं समजावं, हे मला इतक्या वर्षांनी त्या दुपारी कळलं. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला आणि तो समोर बसला.

"आधी एकच झाकण," तो म्हणाला. "मग ते पुरेना."

"का, हर्षद?"

"मला दोन बादल्या गरम पाण्यानं अंघोळ करायचीय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रोज. तांब्या मोजायचा नाही. नळाचा आवाज ऐकत बसायचंय. मला घरी जायचंय, केतकी. दोन वर्षं झाली, मला इथं नको झालंय सगळं."

मला हसू येणार होतं. एवढ्यासाठी? "मग सांगायचंस!"

"कुणाला सांगू? या राहण्यावरचे माझे व्हिडिओ लाखभर लोक बघतात. माझं ऐकून लोकांनी घरं सोडलीयत."

"मला सांगायचंस. मी लाखभर नाही. मी एकटी आहे आणि तीन फुटांवर झोपते."

"तुला कुठल्या तोंडानं सांगू? तुझी बालवाडी मी बंद करायला लावली. तू नको म्हणत होतीस, आणि आता तुलाच इथं इतकं आवडायला लागलंय. मला वाटलं, गाळणी सारखी बिघडली की कंटाळशील. तूच म्हणशील, चल परत."

"म्हणजे हट्ट माझा ठरणार, आणि तू मन मोठं करून माझ्यासाठी परत येणार."

त्यानं टेबलावरची एक बाटली उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

"आणि शर्मिलाताईंचं नाव का घेतलंस?"

"तू कारण विचारत होतीस ना. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. भाजीवाल्यानं आज गवार नव्हती म्हणावं, तसं. आणि मग मला एकदम आठवलं आणि मी विचारलं, विचारायला नको होतं असं मला अजून वाटतं.

"मी आजारी पडले त्या आठवड्यात तू टाकीतलं पाणी पीत होतास?"

त्यानं पिशवीकडे बघितलं. शहाळी. त्या आठवड्यातही तो रोज शहाळी आणत होता. उन्हाळा आहे, पोटाला थंड पडतं म्हणत होता. मला मात्र आवडत नाहीत म्हणून एकटाच पीत होता.

पाणी गढूळ झालं की अतिनील दिव्याचा उजेड त्यातून आरपार जात नाही आणि जंतू सावलीत लपावेत तसे वाचतात. खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे माहीत नसणार?

"उकळून पी असं तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "पण मग तू विचारलं असतंस, का."

"आणि साखर-मिठाचं पाणी?"

"ते उकळलं होतं. ते मी उकळूनच दिलं, शप्पथ."

दोन बादल्या पाण्यासाठी त्यानं मला सोडूनसुद्धा दिलं असतं, तरी मी समजून घेतलं असतं. माणूस थकतो. पण मी ग्लास भरून तोंडाला लावत होते आणि तो समोर बसून बघत होता. दिवसातून किती वेळा, याचा मी हिशेबच करू शकत नव्हते. आणि पुन्हा चमच्यानं पाणी पाजणाराही तोच. मी ओरडले, भांडं फेकलं, काय काय बोलले ते आठवत नाही. तो ऐकून घेत होता. भांडण संपल्यावर जेवायचं काय असं विचारण्याच्या बेतात असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या पातेल्यात ठोकळा घालून उकळला, नळ्या उकळल्या, पडदा टाकून दिला. त्याला हात लावू दिला नाही. उरलेलं सगळं पाणी पातेल्यापातेल्यानं उकळूनच ओतलं आणि यंत्र बंद झालं. गाडीत आता दोन कॅन पाणी होतं, तेवढंच.

"आता तसंही काही उरलं नाही," हर्षद मागून म्हणाला. आवाजात आशा होती, ती त्याला लपवता येत नव्हती. "झालं गेलं जाऊ दे. परत जाऊ, दोघं. नवीन सुरुवात करू."

आणि त्याचं बरोबरच होतं. विरजण नसलेली गाडी म्हणजे पत्र्याचं खोकं. नव्या पुडीला दोन महिने, आणि सड्यावर मला विरजण देण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. ज्यांचं परत केलं त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ? त्यानं जे तोंडानं कधी मागितलं नव्हतं, ते त्याला मिळालं होतं. मी हो म्हणणार होते, थकले होते मी.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. शर्मिलाताई होत्या, हातात ओल्या फडक्यात बांधलेला डबा.

"घे."

"ताई, मी तुम्हाला..."

"माफी मागू नको आत्ता, मला ऐकवणार नाही. राग हाय माझा आणि तो जायला वेळ लागंल. समद्यांच्या देखत केलंस तू." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पण पाणी अडवणारी बाई नाही मी."

हर्षद माझ्या मागे उभा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ठोकळा बसवला, विरजण घातलं, एक कॅन ओतला, दुसरा प्यायला ठेवला. यंत्र नव्यानं सुरू करताना पाण्याची वाटणी ठरवायला गाडीत माणसं किती ते विचारतं. मी तो आकडा भरायच्या आधीच हर्षदनं वर ठेवलेली त्याची बॅग खाली काढली. मी एकच भरणार, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. आम्ही एकमेकांना तेवढं ओळखतो, अजूनही.

राजापूरच्या एसटी स्टँडपर्यंत मीच त्याला सोडलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, "विचार कर." मी गाडी चालवत होते. मिरजेची बस लागलेली होती. ऊन मी म्हणत होतं, आणि प्रवास लांबचा. सवयीनं मी निघताना त्याच्यासाठी पाण्याची बाटली भरून घेतली होती. कॅनमधलंच पाणी, गावच्या विहिरीचं, स्वच्छ. बसच्या खिडकीतून मी ती त्याला दिली.

त्यानं झाकण उघडलं. बाटली तोंडाजवळ नेली आणि थांबला. आधी नाकाशी धरून त्यानं वास घेतला, मग उजेडात वर करून बघितली, आणि मगच एक लहान घोट घेतला, जिभेवर घोळवत. चौतीस वर्षांच्या संसारात मी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचा त्यानं आधी वास घेतला नव्हता.

आदल्या दिवसापासून मला रडू येत नव्हतं, ते तिथं आलं. मी त्याच्याशी तसं वागेन, हे त्याला खरंच शक्य वाटत होतं. मी बस सुटेपर्यंत थांबले नाही.